न दिसणारे माप आणि त्याची जबाबदारी

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांतून ठरावीक प्रश्न विचारले जातात. मुलाने डॉक्टर व्हावे की इंजिनियर? मुलीसाठी बी.एड. बरे की फार्मसी? या रुळलेल्या वाटांबाहेरचे एखादे नाव मुलाने घेतले तर वडीलधारी मंडळी गोंधळतात. वैद्यकीय आणि किरणोत्सार भौतिकशास्त्र हे असेच एक नाव आहे. हा विषय शिकून काय होता येते, ही शंका पहिली. क्ष-किरण, कोबाल्ट, रेडियम हे शब्द ऐकून वाटणारी भीती ही दुसरी. आणि ज्या घरांत दीनची जाण आहे तेथे तिसरी शंकाही असते: या शिक्षणाचा आपल्या धर्माशी काय संबंध? ही दुनियेची विद्या आहे, परलोकात ती काय कामी येणार?

वाचकहो, या शंका क्षुल्लक नाहीत. त्यांच्या मुळाशी एक नैतिक प्रश्न आहे आणि तो केवळ या एका विषयापुरता मर्यादित नाही. जे कृत्य स्वतःच इजा करणारे आहे, ते माणसाने जाणूनबुजून दुसऱ्याच्या शरीरावर करावे का? करावे तर किती? आणि ते किती केले हे दुसऱ्या कोणालाच दिसत नसेल, तर करणाऱ्याने कोणाला उत्तर द्यावयाचे? किरणोत्साराचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न रोजच्या कामात भेटतात. म्हणून त्यांचा विचार इस्लामच्या शिकवणीच्या प्रकाशात करणे उपयुक्त ठरेल.

हा विषय आहे तरी काय?

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या शास्त्रज्ञाला डोळ्यांना न दिसणारे पण शरीराच्या आरपार जाणारे किरण आढळले. त्याने त्यांना क्ष-किरण म्हटले. पुढच्याच वर्षी बेकेरेलला युरेनियममधून आपोआप बाहेर पडणारे किरण सापडले आणि 1898 मध्ये मेरी व पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध लावला. राँटगेनला 1901 मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. त्याने आपल्या शोधाचे पेटंट घेतले नाही आणि पारितोषिकाची रक्कम आपल्या विद्यापीठाला देऊन टाकली. विद्या ही सर्वांच्या कल्याणासाठी असते, हे त्याने आपल्या वागणुकीतून दाखवून दिले.

मात्र या किरणांचे दुसरे रूपही लवकरच समोर आले. एडिसनच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांवर काम करणारा त्याचा सहायक क्लॅरेन्स डॅली याचे हात भाजून निघाले, ते कापावे लागले आणि 1904 मध्ये तो मरण पावला. मेरी क्युरीचा 1934 मध्ये रक्ताच्या आजाराने मृत्यू झाला. जो किरण हाड मोडले की नाही हे दाखवतो आणि कर्करोगाची गाठ जाळतो, तोच किरण निरोगी माणसाला आजारी पाडू शकतो, हे जगाने मोठी किंमत देऊन शिकून घेतले.

वैद्यकीय भौतिकशास्त्र याच दोन टोकांमध्ये उभे आहे. विद्यार्थ्याला अणूची रचना, किरण आणि पदार्थ यांचा परस्पर परिणाम, मात्रा मोजण्याच्या पद्धती, पेशींवर होणारे परिणाम, शरीररचना आणि किरणांपासून संरक्षण हे सारे शिकावे लागते. आपल्याकडे त्याची वाट साधारणपणे अशी आहे: भौतिकशास्त्रात बी.एस्सी. व एम.एस्सी., त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्समधील पदविका. किंवा थेट वैद्यकीय भौतिकशास्त्रातील एम.एस्सी. त्याला रुग्णालयातील एका वर्षाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची जोड द्यावी लागते. मुंबईत भाभा अणुसंशोधन केंद्राचा पदविका अभ्यासक्रम 1962 पासून चालत आला आहे. ज्या रुग्णालयात किरणोपचार दिला जातो तेथे असा प्रशिक्षित भौतिकशास्त्रज्ञ असणे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. कोणत्या रुग्णाला उपचार द्यावा आणि किती मात्रा द्यावी हे डॉक्टर ठरवितात. ठरलेली मात्रा ठरलेल्या जागी खरोखर पोहोचते की नाही, याची हमी भौतिकशास्त्रज्ञ देतो.

उपयुक्त ज्ञान कशाला म्हणावे?

ज्ञानप्राप्ती प्रत्येक मुस्लिमावर कर्तव्य आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्या ज्ञानापासून लाभ होत नाही अशा ज्ञानापासून अल्लाहचा आश्रयही मागितला आहे, याकडे आपले लक्ष कमी जाते. म्हणजे ज्ञान कोणते, एवढे विचारून चालत नाही. ते कोठे वापरले जाणार हेही विचारावे लागते. अणूच्या ज्या ज्ञानातून ऑगस्ट 1945 मध्ये हिरोशिमा आणि नागासाकी ही शहरे बेचिराख झाली, त्याच ज्ञानातून कोबाल्टचे उपचारयंत्रही घडले. लाभ आणि संहार यांतील निवड शास्त्र करीत नाही, ती माणूस करतो आणि तिचा हिशेबही माणसालाच द्यावा लागेल.

इमाम गझाली (रह.) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या ग्रंथाच्या प्रारंभीच ज्ञानाचे विवेचन केले आहे. वैद्यक आणि गणित यांना त्यांनी फर्ज-ए-किफाया मानले आहे. समाजातील काही लोकांनी ते शिकले तर सर्वांची जबाबदारी पार पडते; कोणीच शिकले नाही तर संपूर्ण समाज दोषी ठरतो. त्यांनी आपल्या काळाबद्दल एक तक्रारही नोंदविली आहे. अनेक गावांत मुस्लिम वैद्य सापडत नाही आणि फिकहच्या वादविवादाकडे मात्र सर्वांची धाव आहे, असे ते म्हणतात. याचे कारण त्यांनी निर्भीडपणे सांगितले: वैद्यकात मानमरातब आणि पदे मिळत नव्हती. नऊशे वर्षांपूर्वीची ही तक्रार आजही आपल्याला लागू पडते का, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःला विचारून पाहावे. आपणही आपल्या मुलांसाठी विद्या निवडताना समाजाची निकड पाहतो, की नावापुढे लागणारी पदवी?

आपल्या आप्तेष्टांपैकी कोणाला कर्करोग झाला की आपण मुंबईला परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाचा रस्ता धरतो. 1941 मध्ये सुरू झालेले हे रुग्णालय धर्म, जात न पाहता सर्वांवर उपचार करीत आले आहे. तेथे आणि अशा प्रत्येक रुग्णालयात पडद्यामागे मात्रा मोजणारा कोणीतरी बसलेला असतो. सूरह अल-माइदाच्या 32 व्या आयतीत एका जिवाला वाचविणे हे सर्व मानवजातीला वाचविण्यासारखे म्हटले आहे. त्या आयतीत जिवाचा धर्म विचारलेला नाही. या कामात आपला वाटा असावा, ही इच्छा दीनच्या बाहेरची कशी म्हणता येईल?

इजा करण्याची परवानगी आणि तिची मर्यादा

आता दुसरा प्रश्न. इस्लाममध्ये शरीर ही अल्लाहची अमानत आहे. कोणी इजा करू नये आणि इजेच्या बदल्यात इजा पोहोचवू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मग ज्या किरणांनी पेशी मरतात ते किरण रुग्णाच्या शरीरात सोडणे कसे योग्य ठरते?

फिकहच्या विद्वानांनी या प्रकारच्या प्रश्नांसाठी काही मूलतत्त्वे मांडली आहेत. मोठी हानी टाळण्यासाठी लहान हानी पत्करता येते, हे एक. निकडीच्या वेळी एरवी मनाई असलेल्या गोष्टीला मुभा मिळते, हे दुसरे. आणि ज्याचा आपल्याला बहुधा विसर पडतो ते तिसरे: ही मुभा निकडीपुरतीच असते, निकड संपली की मुभाही संपते. उपासमारीने मरणाऱ्याला निषिद्ध अन्न जीव वाचण्याइतकेच खाता येते, पोट भरण्यासाठी नव्हे.

किरणांच्या बाबतीत नेमका असाच विचार करावा लागतो. कर्करोगाच्या गाठीवर दिली जाणारी मात्रा ग्रे या एककात मोजतात. बहुधा ती एकदम न देता रोज सुमारे दोन ग्रे याप्रमाणे पाच-सहा आठवडे विभागून दिली जाते. दोन दिवसांच्या मधल्या वेळेत निरोगी पेशी आपली दुरुस्ती करून घेतात. कर्करोगाच्या पेशींना ते तितकेसे जमत नाही. अल्लाहने निर्माण केलेल्या शरीरातील या फरकावरच संपूर्ण उपचार उभा आहे. गाठीला पुरेशी मात्रा आणि शेजारच्या अवयवांना शक्य तितकी कमी, हा हिशेब प्रत्येक रुग्णासाठी वेगळा मांडला जातो.

किरणांपासून संरक्षणासाठी 1928 मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाने पुढे तीन तत्त्वे निश्चित केली. किरणांचा वापर हानीपेक्षा लाभ अधिक असेल तरच करावा. केला तर मात्रा वाजवीपणे जितकी कमी ठेवता येईल तितकी ठेवावी. आणि कर्मचारी व सामान्य जनता यांच्यासाठी ठरविलेली कमाल मर्यादा ओलांडू नये. फिकहची वर सांगितलेली मूलतत्त्वे आणि ही तत्त्वे शेजारी ठेवून पाहा. साम्य सहज लक्षात येते. मात्र येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. आधुनिक शास्त्राने ही तत्त्वे आपल्या ग्रंथांतून घेतली, असा दावा आपण करू नये. तो खरा नाही आणि दीनला खोट्या दाव्याची गरजही नाही. शुद्ध बुद्धीने हानी आणि लाभ यांचा विचार करणारा माणूस ज्या निष्कर्षाला पोहोचतो, तो इस्लामच्या शिकवणीशी जुळतो, एवढे समजणे पुरेसे आहे.

हा विचार केवळ शास्त्रज्ञासाठी नाही. वाचकहो, तो तुमच्या-आमच्या घरापर्यंत येतो. निसर्गातूनच प्रत्येक माणसाला वर्षाला जगभराच्या सरासरीने सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट इतका किरणोत्सार मिळत असतो. छातीचा एक साधा एक्स-रे त्याचा अगदी लहान अंश असतो. पोटाचा सी.टी. स्कॅन मात्र त्या वार्षिक सरासरीच्या कित्येक पट असू शकतो. डॉक्टरांनी गरज ओळखून सांगितलेला स्कॅन भीतीपोटी नाकारणे चुकीचे आहे, कारण तेथे लाभ हानीपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण मनाच्या समाधानासाठी किंवा शेजाऱ्याने सांगितले म्हणून आपणच डॉक्टरांकडे स्कॅनचा हट्ट धरणे, हेही निकडीची मर्यादा ओलांडणेच होय. लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांच्या वाढत्या पेशींवर परिणाम अधिक होतो आणि त्यांच्यापुढे आयुष्यही लांब असते.

मापाचा हक्क

तिसरा प्रश्न सर्वांत कठीण आहे. दिव्य कुरआनात मोजमापाचा विषय वारंवार आला आहे. सूरह अर्-रहमानमध्ये आकाशाच्या उंचीबरोबर तराजूचा उल्लेख आहे आणि तोलात गडबड न करण्याची ताकीद आहे. सूरह अल-मुतफ्फिफीनचा प्रारंभच अशा लोकांच्या विनाशाच्या इशाऱ्याने होतो, जे घेताना पुरेपूर मोजून घेतात आणि देताना माप मारतात. आपण ही आयत ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर किराणा दुकानाचा तराजू येतो. पण जेथे ग्राहकाला वजनाचा काटा दिसत नाही, मालही दिसत नाही आणि आपल्याला कमी मिळाले की जास्त हेही कळत नाही, अशा मापाची कल्पना करून पाहा. किरणोपचार घेणारा रुग्ण नेमका याच अवस्थेत असतो. किरणांना रंग नाही, वास नाही, स्पर्श नाही. मात्रा पाच-दहा टक्क्यांनी कमी पडली तर कदाचित दोन वर्षांनी रोग परत येईल आणि घरचे लोक नशिबाला बोल लावतील. मात्रा जास्त झाली तर काही महिन्यांनी शेजारचा अवयव निकामी होईल आणि तो रोगाचाच भाग समजला जाईल. मापाकडे बोट दाखविणारा कोणी नसतो.

हे माप किती नाजूक असते, याचे एक उदाहरण पाहू. कोबाल्ट-60 चे निम्मे तेज सुमारे 5.27 वर्षांत संपते. म्हणजे दर महिन्याला ते साधारण एक टक्क्याने क्षीण होते. त्यामुळे उपचाराची वेळ त्या प्रमाणात सतत वाढवत न्यावी लागते. यंत्राची मात्रा मोजण्यासाठी हवा भरलेली एक छोटी कुपी वापरतात, तिला आयन चेंबर म्हणतात. कुपीतील हवा विरळ असेल तर तिचे उत्तर कमी येते. मुंबई समुद्रकाठी आहे आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंच आहे. पुण्यातील हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण सहा टक्क्यांनी कमी असतो. या फरकाची दुरुस्ती केली नाही तर यंत्र प्रत्यक्षापेक्षा कमी मात्रा देत आहे असे वाटेल, भौतिकशास्त्रज्ञ वेळ वाढवील आणि प्रत्येक रुग्णाला तितकी जास्त मात्रा मिळेल. यातही एक फसवी जागा आहे. हवामानाच्या बातमीत दिलेला हवेचा दाब बहुधा समुद्रसपाटीवर असता तर किती असता, असा रूपांतरित केलेला असतो. कोणी कंटाळा करून खोलीत दाबमापक न लावता तो आकडा घेतला, तर आकडा खरा असूनही मोजमाप खोटे ठरते. आणि किरणोपचारात एकूण चूक पाच टक्क्यांच्या आत ठेवावी, अशी अपेक्षा असते!

आता सूरह बनी इस्राईलमधील आयत 35 आणि 36 एकत्र वाचा. पहिलीत माप पूर्ण भरण्याची आणि सरळ तराजूने तोलण्याची आज्ञा आहे. लगेच पुढच्या आयतीत ज्या गोष्टीचे ज्ञान नाही तिच्या मागे लागू नये असे बजावले आहे आणि कान, डोळे व हृदय या सर्वांबद्दल विचारणा होणार असल्याचे सांगितले आहे. या दोन आज्ञा एकमेकींच्या शेजारी आलेल्या पाहून मोजमाप करणाऱ्या विद्यार्थ्याने थांबून विचार करावा. खोटे न बोलणे एवढ्यावर सरळ तराजूची अट पूर्ण होत नाही. जे आपण स्वतः पडताळून पाहिले नाही ते खरे धरून चालणे, हेही त्या तराजूत येते.

नेक नियत पुरेशी आहे का?

येथे कोणी म्हणेल: ‘माणूस ईशभीरू असला की पुरे. त्याला ठाऊक असते की अल्लाह पाहत आहे, मग त्याच्या हातून अन्याय होणार नाही.’ एहसानची व्याख्या आपल्याला हदीसमधून माहीत आहे: अल्लाहची उपासना अशी करावी की जणू आपण त्याला पाहत आहोत, आणि आपण पाहत नसलो तरी तो आपल्याला पाहत आहे. न दिसणारे माप मोजणाऱ्याला याहून मोठा आधार नाही. तरीही ईशभय असले की चूक होणारच नाही, हे म्हणणे बरोबर नाही.

1988 मध्ये इंग्लंडमधील एक्सेटर येथे कोबाल्ट यंत्रात नवा स्रोत बसविण्यात आला. त्याची मात्रा ठरविताना चूक झाली आणि 207 रुग्णांना सुमारे 25 टक्के अधिक मात्रा मिळाली. कोणीही कोणाचे वाईट चिंतिले नव्हते. पण ते मोजमाप दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे तपासलेले नव्हते. पुढे बाहेरच्या लोकांनी वेगळ्याने मोजले तेव्हाच चूक उघडकीस आली. येथे प्रश्न नियतीचा नव्हता. पद्धतीत दुसऱ्या डोळ्यांना जागा नव्हती.

इस्लामी कायद्याने हा भेद फार पूर्वीच ओळखला आहे. कर्मे हेतूंवर अवलंबून असतात, हे आपण जाणतो. तरीही सूरह अन-निसाच्या 92 व्या आयतीत चुकून झालेल्या हत्येसाठीही प्रायश्चित्त आणि रक्तमूल्य सांगितले आहे. नेक हेतूमुळे माणूस खुनाच्या पापातून सुटतो. ज्याची हानी झाली त्याच्या हक्कातून सुटत नाही. वैद्यकाच्या बाबतीत तर अबू दाऊद यांच्या संग्रहात स्पष्ट हदीस आहे की, वैद्यकाचे ज्ञान असल्याची ओळख नसताना जो उपचार करील, तो हानीला जबाबदार राहील. ‘माझा हेतू चांगला होता’ हे उत्तर तेथे स्वीकारलेले नाही. यावरून असे दिसते की, ज्या कामात दुसऱ्याचा जीव आहे त्या कामाचे पुरेसे शिक्षण घेणे हाच नेक नियतीचा पहिला पुरावा आहे. नियत आहे पण परिश्रम नाहीत, अशी नियत स्वतःचीच फसवणूक करते.

दुसऱ्याकडून तपासून घेणे हाही त्याच नियतीचा भाग आहे. कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह अल-बकराची 282 वी, नमाजविषयी नाही आणि रोजाविषयीही नाही. ती उसनवारीच्या व्यवहाराविषयी आहे. व्यवहार लहान असो वा मोठा, तो लिहून ठेवावा आणि साक्षीदार ठेवावेत, असे तीत सांगितले आहे. ही आज्ञा श्रद्धावंतांना उद्देशून आहे, लबाडांना नव्हे. प्रामाणिक माणूसही विसरतो, हे तेथे गृहीत धरलेले आहे. रुग्णालयात भौतिकशास्त्रज्ञ रोज सकाळी यंत्राची मात्रा तपासून नोंदवहीत लिहितो आणि एकाने केलेला हिशेब दुसरा स्वतंत्रपणे करून पाहतो, तेव्हा त्या शिकवणीचेच पालन होत असते. ‘तुमचा माझ्यावर विश्वास नाही का?’ असे म्हणून जो तपासणीवर रुसतो, त्याने आपल्या अहंकाराला प्रामाणिकपणा समजण्याची गल्लत केलेली असते. बसरा येथे जन्मलेल्या इब्नुल हैसम यांनी प्रकाशावर मूलभूत काम केले आणि टॉलेमीसारख्या थोर विद्वानाच्या मतांवर शंका घेणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सत्याच्या शोधकाने इतरांबरोबर स्वतःवरही शंका घ्यावी, अशी त्यांची भूमिका होती. आपल्या वारशाचा अभिमान बाळगताना ही सवयही आपण उचलली पाहिजे.

अमानत कोठे संपते?

2010 मध्ये दिल्लीच्या मायापुरी भागात घडलेली घटना अनेकांना आठवत असेल. एका विद्यापीठात वर्षानुवर्षे पडून असलेले कोबाल्ट-60 चे जुने उपकरण लिलावात भंगार म्हणून विकले गेले. भंगार दुकानात ते तोडले गेले. आत काय आहे हे तेथील कामगारांना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. अनेक जण आजारी पडले आणि एकाचा मृत्यू झाला. त्याआधी 1987 मध्ये ब्राझीलमधील गोयानिया येथे एका ओसाड दवाखान्यातून उचलून नेलेल्या सीझियम-137 च्या स्रोताने चार जणांचा बळी घेतला होता. दोन्ही ठिकाणी इजा झाली ती ज्यांनी कधी भौतिकशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते अशा गरिबांना. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबे भंगाराच्या व्यवसायावर जगतात. त्यांच्यासाठी ही दूरची गोष्ट नाही.

सूरह अन-निसाच्या 58 व्या आयतीत अमानती त्यांच्या हक्कदारांच्या हवाली करण्याची आज्ञा आहे. जो पदार्थ शेकडो रुग्णांच्या उपयोगी पडला, तो निकामी झाल्यावर सुरक्षितपणे परत सोपविला जाईपर्यंत अमानतच राहतो. काम संपले, खोलीला कुलूप लागले, अधिकारी निवृत्त झाले, म्हणून जबाबदारी संपत नाही. सांभाळणाऱ्याच्या निष्काळजीपणाचा हिशेब जेव्हा रस्त्यावरचा अनोळखी माणूस चुकवितो, तेव्हा तो परलोकातील दावेदार होऊन उभा राहील, याची धास्ती वाटली पाहिजे.

भीती, भरवसा आणि आपल्या मुली

‘मुलाला किरणांजवळ कशाला पाठवायचे?’ ही आईची भीती स्वाभाविक आहे. तिचे उत्तर तवक्कुलच्या खऱ्या अर्थात आहे. उंट बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. हजरत उमर (रजि.) यांनी प्लेगग्रस्त सीरियात सैन्य नेले नाही, तेव्हा ‘अल्लाहच्या तकदीरपासून पळता काय?’ असा प्रश्न त्यांना विचारला गेला. आपण अल्लाहच्या एका तकदीरकडून त्याच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, असे त्यांनी उत्तर दिले. किरणांपासून बचावाचे उपायही अल्लाहच्याच नियमांतून घेतलेले आहेत: जवळ कमी वेळ राहणे, अंतर वाढविणे, मध्ये शिसे किंवा काँक्रीटचा आडोसा ठेवणे. अंतर दुप्पट झाले की एका लहान स्रोताची तीव्रता एक-चतुर्थांश होते. कर्मचारी छातीवर टी.एल.डी. बॅज लावतात, त्याची नियमित तपासणी होते आणि पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा पाळली जाते. गर्भवती कर्मचारी स्त्रीने सूचना दिल्यावर तिच्या बाळासाठी उरलेल्या काळात एक मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. शिकलेल्या माणसासाठी हे काम बेफाम धोक्याचे नाही; धोका अज्ञानात आणि बेफिकिरीत आहे.

मुलींच्या शिक्षणाबद्दल संकोच करणाऱ्यांनी हजरत रुफैदा (रजि.) यांचे स्मरण करावे. मस्जिदे नबवीत त्यांचा तंबू होता आणि जखमी हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना तेथे ठेवण्यात आले होते. स्तनाच्या आणि गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या आपल्या माता-भगिनींना आसपास स्त्री कर्मचारी असाव्यात असे वाटते. ही अपेक्षा ठेवणाऱ्या घरांनीच आपल्या मुलींना विज्ञान शिकू दिले नाही, तर त्या स्त्रिया येणार कोठून? लज्जेचे रक्षण हवे असेल तर त्याची व्यवस्था उभी करण्याची जबाबदारीही आपलीच आहे.

प्रत्येक मुलाने हाच विषय घ्यावा असे आमचे म्हणणे नाही. ज्याला गणिताची गोडी आहे, एकच आकडा तीनदा तपासण्याचा धीर आहे आणि ज्याचे नाव रुग्णाला कधी कळणार नाही असे काम करण्याची तयारी आहे, त्याने या वाटेचा अवश्य विचार करावा. पालकांनी त्याला ‘यातून किती मिळेल?’ या प्रश्नाआधी ‘तुझ्या मापावर कोणाचा जीव अवलंबून असेल?’ हा प्रश्न विचारावा. आणि ज्यांची मुले दुसऱ्या वाटांनी जातील त्यांनीही हा प्रश्न विसरू नये. औषधाची पुडी बांधणारा, इमारतीत सिमेंटचे प्रमाण ठरविणारा, वर्गात गुण देणारा शिक्षक, या प्रत्येकाच्या हातात असे एखादे माप असते, जे समोरच्याला दिसत नाही.

अल्लाह आम्हाला व आमच्या संततीला लाभदायक ज्ञान देवो, आमच्या हातांतील तराजू सरळ ठेवो, आणि ज्यांची अमानत आमच्याकडे आहे त्यांच्यासमोर न्यायनिवाड्याच्या दिवशी आम्हाला लज्जित न करो. आमीन.